भोंगा मध्येच का बंद पडतो?
दुचाकीवरील ध्वनियंत्रणेची दुरुस्ती आणि कारागिराची पत

मोर्णा नदीच्या पश्चिमेला वसलेल्या अकोल्याच्या जुन्या शहरातून अनेक फेरीवाले मोटारसायकलवर माल बांधून निघतात. कोणाकडे चादरी, कोणाकडे प्लॅस्टिकची भांडी, कोणी भंगार घेणारा. कोणी डाबकी रोडने जातो, कोणी बाळापूर-पातूरची खेडी धरतो. पूर्वी घसा कोरडा होईपर्यंत ओरडावे लागे. आता मेमरी कार्डात आवाज भरून अँप्लिफायरला जोडला की भोंगा दिवसभर पुकारा करतो. पण हाच भोंगा भर वस्तीत मुका झाला, तर फेरीवाला आल्याचे गिऱ्हाइकाला कळतच नाही आणि त्या दिवसाची कमाई बुडते.

असा ग्राहक दुकानावर आला की पुष्कळ कारागीर प्रथम अँप्लिफायर उघडतात. कोणी आयसी बदलतो, कोणी नवा संचच गळ्यात मारतो. ग्राहक पैसे मोजून जातो आणि चार दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत येतो. याचे कारण असे की, दोष अनेकदा डब्यात नसून डब्यापर्यंत येणाऱ्या विजेत असतो.

आधी विचारा, मग उघडा

आवाज नेमका केव्हा जातो, हे ग्राहकाला विचारावे. खड्ड्यात गाडी आदळताच जात असेल तर जोड सैल आहे. हँडल वळवल्यावर जात असेल तर हँडलच्या मुळाशी वायर दाबली गेली किंवा आतून तुटली आहे. ब्रेक किंवा हॉर्न दाबताच जात असेल तर व्होल्टेज कमी पडते. पंधरा-वीस मिनिटांनी जाऊन थंड झाल्यावर परत येत असेल, तर अँप्लिफायर तापतो आहे.

आणखी एक खूण लक्षात ठेवावी. आवाजाबरोबर अँप्लिफायरचा दिवाही विझला तर दोष पुरवठ्याकडे शोधावा. दिवा जळत राहून फक्त आवाज गेला, तर भोंग्याचे युनिट, त्याची वायर किंवा मेमरी कार्ड तपासावे.

विजेचा हिशेब

६० वॅटचा भार १२ व्होल्टवर सुमारे ५ अँपिअर ओढतो. लहान मोटारसायकलची बॅटरी पुष्कळदा ३ ते ५ अँपिअर-तासांचीच असते. इंजिन बंद ठेवून पूर्ण आवाजात भोंगा लावला, तर ३ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावरसुद्धा ३६ मिनिटेच पुरते. प्रत्यक्षात त्याहून कमी. फेरीवाल्याची गाडी तर गल्लीत मंद चालते, दारोदार थांबते. अशा वेळी इंजिन फारशी वीज तयार करीत नाही. त्यात एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत जळतच राहतो. मग भोंग्याच्या वाट्याला काय उरणार?

मीटर काय सांगतो

इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिनचा वेग वाढवल्यावर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. तसे नसेल तर चार्जिंगचा दोष आधी काढावा. त्यानंतर भोंगा मोठ्याने चालू ठेवून मीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकाला व दुसरी अँप्लिफायरच्या धन टोकाला लावावी. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर मधल्या वायरीत, फ्यूजमध्ये किंवा स्विचमध्ये वीज अडते आहे. ऋण बाजूही अशीच मोजावी. गंजलेल्या, रंग लागलेल्या बोल्टवर केलेले अर्थिंग हा फार जुना दोष आहे. भोंगा बंद ठेवून केलेली मोजणी येथे कामाची नाही. भार नसताना खराब जोडही चांगला दिसतो.

पक्के काम

हॉर्नच्या किंवा दिव्याच्या वायरीतून जोड काढू नये. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तर मूळ वायरिंगला हातच लावू नये. बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर घ्यावी व बॅटरीजवळच फ्यूज बसवावा. वर सांगितलेल्या भारासाठी साडेसात अँपिअरचा फ्यूज पुरे. फ्यूजच्या जागी तांब्याची तार कधीही गुंडाळू नये. शेजारीच पेट्रोलची टाकी आहे. नुसती पिळलेली व टेप लावलेली वायर हादऱ्याने सुटते. म्हणून पक्के टर्मिनल दाबून वर स्लीव्ह चढवावी.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. बंद डिकीत किंवा कापडाच्या थैलीत ठेवलेला अँप्लिफायर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो, तो बिघडलेला नसतो. त्याला सावली व वारा मिळेल अशी जागा द्यावी.

दिवसभर फिरणाऱ्या ग्राहकाला स्वतंत्र १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी सुचवावी. ती रात्री घरी योग्य चार्जरवर लावावी. गाडीच्या बॅटरीला ती थेट जोडू नये.

ग्राहकाला कायद्याचीही कल्पना द्यावी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर तो वाजवता येत नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या शंभर मीटर परिसरातही सांभाळावे. आवाज थोडा कमी ठेवला तर बॅटरीही जास्त टिकते.

शेवटी एक गोष्ट. तपासणीची मजुरी मागण्यात संकोच नसावा. मोजलेले व्होल्टेज बिलावर लिहून द्यावे आणि दोष एका जोडात असेल तर जोडाचेच पैसे घ्यावेत. नवा अँप्लिफायर विकून एकदा नफा होतो. पण थोडक्या पैशांत ज्याचा भोंगा सुरू झाला, तो फेरीवाला गावोगाव फिरतो आणि तुमच्या दुकानाचे नावही सोबत नेतो.