होडी भाड्याची, जोखीम कोणाची?

मुचकुंदी नदी पूर्णगडाच्या पायथ्याशीं समुद्रास मिळते. उत्तरेस गडाची टेकडी, दक्षिणेस गावखडीची पुळण व सुरूचें बन, आणि मध्यें खाडीचें मुख. भरल्या पाण्याच्या वेळीं गडावरून पाहिलें तर हें मुख एखाद्या तळ्यासारखें निवांत दिसतें. आम्हांसहि तें तसेंच दिसलें होतें. म्हणूनच हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला.

इ. स. २०२५ चा तो पहिला दिवस; तिथि पौष शुद्ध द्वितीया. सुटीसाठीं आलेलीं आमच्या पुतण्याचीं तिन्ही मुलें खाडीकाठीं कयाक भाड्यानें घेण्यास निघालीं. पैसे आम्हींच दिले. कयाक म्हणजे दुतोंडी वल्ह्यानें चालवावयाची अरुंद, हलकी होडी. मूळची ती ग्रीनलंडकडील शिकाऱ्यांची. सीलच्या कातड्यानें मढविलेली, आणि ज्याची त्यानें आपल्या अंगाच्या मापानें बेतलेली. तेथें होडी ज्याची, जीवहि त्याचाच. जबाबदारी कोणाची हा प्रश्नच उद्भवत नसे. ती प्लास्टिकची होऊन भाड्यानें मिळूं लागली, तेव्हांपासून धनी काठावर आणि वल्हें परक्याच्या हातीं अशी स्थिति झाली.

होडीवाल्यानें मुलांच्या अंगांत तरंगतीं जाकिटें चढविलीं व एक छापील कागद पुढें केला. आपण स्वतःच्या जबाबदारीवर जात आहों, अशा आशयाचा त्यांत मजकूर होता. मुलांनीं तो न वाचतांच सह्या ठोकल्या. थोरल्यास मुखाबाहेर जाऊन गडाची समुद्राकडील बाजू पाहावयाची होती, व तें त्यानें बोलून दाखविलें. "फार लांब जाऊं नका," इतकेंच होडीवाला म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. दुपारचे तीन वाजले होते.

जवळच जाळें सांधीत बसलेला एक वृद्ध खारवी मान वर न करतां म्हणाला, "मास्तर, पोरांना हाक मारा. पानी भायर चाललंय नि वारा आत येतोय."

या एका वाक्यांत सारें शास्त्र होतें. तिथीची पाऊणपट केली असतां भरती पूर्ण होण्याची वेळ ढोबळमानानें निघते. द्वितीयेची पाऊणपट दीड. म्हणजे दीडच्या सुमारास पाणी भरलें, आणि पुढें सुमारें सवासहा तास तें उतरणार. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे दिवस उधाणाचे. भरती जितकी मोठी तितकीच ओहोटीहि जोरकस. खाडीचें पाणी त्या अरुंद मुखांतून बाहेर धांवतें, आणि दुपारचा खारा वारा लाटा आंत लोटतो. दोहोंची गांठ पडते तेथें लाट उभी राहून फुटते. सकाळीं संकट निराळें: मतलई वारा जमिनीकडून वाहतो, पाणी आरशासारखें दिसतें, आणि त्यांत ओहोटी असली तर हलकी होडी न कळत बाहेर जाते.

आम्हीं हांका मारल्या. धाकटीं दोघें वळलीं. थोरल्यानें हात हालविला व तो पुढें गेला. हांक ऐकूं आली होती, हें त्यानें मागाहून कबूल केलें. मुखावर होडी उलटली. जाकिटामुळें तो तरंगत राहिला, परंतु पाणी त्यास बाहेर नेत होतें. खारव्याच्या मुलानें यंत्राची होडी काढून त्यास परत आणिलें. तो अर्धा तास आम्हीं काठावर कसा काढला, तें लिहवत नाहीं.

रात्रीं घरांत दोन पक्ष पडले. पुतणसून होडीवाल्यास बोल लावीत होती. पुतण्या म्हणे, वीस वर्षांच्या मुलानें हांक ऐकूनहि पुढें जावें, यांत होडीवाल्याचा काय दोष?

हा वाद नवा नाहीं. नावाड्यांच्या चुकीनें नावेंत जें नष्ट होईल तें त्यांनीं मिळून भरून द्यावें, दैवी आपत्तींत मात्र त्यांस दंड नाहीं, असा निर्णय मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत आहे. कौटिल्य आणखी पुढें जातो: माणसें वा साधनें अपुरीं असल्यामुळें, किंवा डागडुजी न झाल्यामुळें नाव बुडाली तर हानि खुद्द नावध्यक्षानें, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यानें, भरून द्यावी. १८७२ च्या करार कायद्याचें १५० वें कलमहि वस्तु भाड्यानें देणाऱ्यास, तिच्यांतील दोष त्यास ठाऊक असो वा नसो, त्यापासून होणाऱ्या हानीबद्दल जबाबदार धरतें. परंतु आमच्या होडीस छिद्र नव्हतें, वल्हें मोडकें नव्हतें. दोष होता वेळेंत.

इंग्लंडांत २२ मार्च १९९३ रोजीं लाइम उपसागरांत आठ विद्यार्थी, त्यांचे शिक्षक व दोन मार्गदर्शक कयाकांतून निघाले. वाऱ्यानें त्यांस समुद्रांत नेलें. चार मुलें दगावलीं. त्या साहसकेंद्रांतील पूर्वीच्या मार्गदर्शकांनीं तेथील त्रुटींविषयीं चालकास आधींच लेखी इशारा दिला होता. १९९४ सालीं कंपनी व तिचा संचालक दोघेहि मनुष्यवधाबद्दल दोषी ठरले आणि संचालक तुरुंगांत गेला. मात्र तीं मुलें नेलें तिकडे गेलीं. आमचा मुलगा आपण होऊन गेला.

म्हणून आमचा निवाडा असा. ज्यास पाणी ठाऊक आहे त्यानें तें सांगितलें पाहिजे, आणि वेळ घातक असेल तर भाड्यावर पाणी सोडून होडी नाकारली पाहिजे. 'फार लांब' हें सांगणें नव्हे. कोठपर्यंत, किती वाजेपर्यंत आणि कां, हें सांगणें होय. त्याविना घेतलेली सही आमच्या मतें कोऱ्या कागदावरचीच. सांगितल्यावरहि जो जाणता मनुष्य पुढें जाईल, त्याचें साहस त्याच्या पदरीं. पण त्यास आणावयास गेलेल्या खारव्याच्या मुलाचा जीव कोणाच्या पदरीं घालावा, हें आम्हांस अद्याप उलगडलेलें नाहीं. आणि पैसे देणारे आम्ही? घरांत पंचांग आहे, एकादशी कधीं चुकत नाहीं; त्या दिवशीं द्वितीयेची पाऊणपट करावयास मात्र सुचलें नाहीं.

पुढल्या खेपेस आम्ही मुलांबरोबर गेलों. होडीवाल्यानें आतां काठावर काळी फळी टांगली आहे; तीवर भरतीची वेळ लिहितात. पाहतों तों वेळ आदल्या दिवशींची! भरती रोज सुमारें पाऊण तास पुढें सरकते. आम्हीं खडू मागून घेतला, ती वेळ पुसली आणि त्या दिवशींची लिहिली.