पडद्यावरचे दप्तर

आधी एका अर्जाची गोष्ट सांगते. पूर्वी मी दुसऱ्या गावी एका शाळेत शिकवत होते. माझ्या वर्गातील एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरून तयार होता. तिचे अब्बा बाजारात हमाली करत. त्या रकमेतून तिची वर्षभराची वह्या-पुस्तके येणार होती. अर्जावर माझी सही झाली. मला वाटले, आता कारकून तो पुढे पाठवतील. कारकुनांना वाटले, अर्ज मुख्याध्यापकांकडे आहे. मुख्याध्यापकांना वाटले, तो केव्हाच रवाना झाला. मुदत संपल्यावर आठ दिवसांनी तो कपाटात हजेरीपटाखाली सापडला. आमच्यापैकी कोणीही कामचुकार नव्हते. पण अर्ज आता कोणाकडे आहे, हे कोठेच लिहिलेले नव्हते.

काम कोणाकडे आहे, केव्हापर्यंत करायचे आहे आणि ते झाले की नाही, या तीन गोष्टी सर्वांना एकाच जागी दिसाव्यात, एवढ्यासाठी आज जगात मोठमोठ्या कंपन्या चालतात. त्या सॉफ्टवेअर तयार करतात. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाने किंवा मोबाइलने काय करावे, याच्या सूचनांचा संच. त्याला मराठीत आज्ञावली असेही म्हणतात.

या पाठातील काही शब्द तुम्हांला शिकावे लागणार नाहीत. अर्ज, मुदत, कारकून, हिशेब, करार हे शब्द तुमच्या घरातलेच आहेत. एक शब्द मात्र थोडा निराळा आहे. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. मराठीत दप्तर म्हणजे कागदपत्रांचा गठ्ठा, आणि तुमच्या पाठीवरची पिशवीसुद्धा! ज्या सॉफ्टवेअरविषयी आपण वाचणार आहोत, ते दफ्तरही आहे आणि दप्तरही आहे. माणसे तेथे एकत्र बसतात आणि त्यांचे कागदही तेथेच राहतात.

आपल्या पिंपळनेरचेच उदाहरण घेऊ. समजा, एका व्यापाऱ्याने सकाळी लिलावात कांदा घेतला. एकाने भाव लिहून घेतला, दुसऱ्याने माल निवडून गोण्या भरून घेतल्या, तिसऱ्याने ट्रक ठरवला, चौथा शेतकऱ्यांचे पैसे देणार. चौघांच्या चार वह्या, आणि निम्मा हिशेब डोक्यात! तुम्ही म्हणाल, "मॅडम, व्हॉट्सॲपचा ग्रुप करायचा." आमच्या शाळेचाही तसा ग्रुप आहे. त्यात सकाळी सूचना येते. मग चाळीस जण 'ठीक आहे' लिहितात, कोणी वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो, आणि दुपारपर्यंत ती सूचना कोठे वर निघून जाते कोण जाणे. बोलणे आणि काम यांची तेथे सरमिसळ होते. कचेरीसाठी केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ती वेगळी ठेवतात. ट्रकचे बोलणे ट्रकच्या कप्प्यात आणि पैशांचे पैशांच्या कप्प्यात असते. प्रत्येक कामापुढे एका माणसाचे नाव आणि तारीख असते. तारीख जवळ आली की सॉफ्टवेअर आपण होऊन आठवण करते. जुने बोलणेही शोधले की सापडते.

अशा सॉफ्टवेअरचा एक गाजलेला प्रकार योगायोगाने जन्माला आला. अमेरिका व कॅनडात स्टुअर्ट बटरफिल्ड व त्यांचे सहकारी 'ग्लिच' नावाचा संगणकावरील खेळ तयार करत होते. खेळ चालला नाही. २०१२ साली तो बंद करावा लागला. पण हे लोक निरनिराळ्या शहरांत बसून काम करत असल्यामुळे त्यांनी आपसांत बोलण्यासाठी एक साधन बनवले होते. खेळ बुडाला, साधन उरले. २०१३ साली त्यांनी ते 'स्लॅक' या नावाने लोकांपुढे आणले. पुढे २०२१ साली सेल्सफोर्स या कंपनीने स्लॅक विकत घेतली. किंमत होती सुमारे २,७७० कोटी डॉलर!

आपल्या राज्यातही असे प्रयत्न झाले. मुंबईच्या भाविन आणि दिव्यांक तुराखिया या भावांनी १९९८ साली डायरेक्टी ही कंपनी काढली. तेव्हा दोघेही विशीच्या आत होते. वडिलांकडून २५ हजार रुपये उसने घेऊन त्यांनी सुरुवात केली. यांपैकी भाविन यांनी २०१४ साली 'फ्लॉक' हे सॉफ्टवेअर बाजारात आणले. एकत्र बोलणे, कामांची यादी, आठवण, मतमोजणी अशा सोयी त्यात होत्या. पुण्यात पाळेमुळे असलेल्या आयसर्टिस या कंपनीने एकच कागद निवडला, तो म्हणजे करार. समीर बोडस आणि मोनीष दर्डा यांनी ती २००९ साली सुरू केली. मोठ्या कंपन्यांचे हजारो करार असतात. कोणत्या कराराची मुदत केव्हा संपते आणि त्यात कोणी काय कबूल केले आहे, हे तिचे सॉफ्टवेअर सांभाळते. मला स्वतःला हा धंदा फार शहाणपणाचा वाटतो. कपाटात हरवलेला कागद किती महाग पडतो, हे मी पाहिले आहे ना!

नव्या कल्पनेवर उभ्या राहणाऱ्या आणि लवकर वाढू पाहणाऱ्या अशा लहान कंपनीला स्टार्टअप म्हणतात. पुष्कळ स्टार्टअप बंदही पडतात. वर्तमानपत्रात त्यांची नावे क्वचितच येतात.

आता पैशांचे पाहू. पूर्वी सॉफ्टवेअर एकदाच विकत घेत, यंत्र घ्यावे तसे. आता बहुतेक कंपन्या दरमहा, माणशी वर्गणी घेतात. ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. लहान शेतकरी नांगरणीसाठी ट्रॅक्टर विकत घेतो का? तो तासावर भाड्याने आणतो. ट्रॅक्टरची दुरुस्ती मालकाने पाहायची. तसेच येथे सॉफ्टवेअर कंपनीच्या संगणकांवर चालते आणि तुम्ही इंटरनेटवरून ते वापरता. यात एक अडचण आहे. वर्गणी थांबली की तुमचे दप्तर दुसऱ्याच्या घरात राहते. म्हणून शहाणा दुकानदार आपल्या हिशेबाची एक प्रत स्वतःजवळ ठेवतो.

कचेरीतील काम असे जुळले, तरी माल खपवायचा असतोच. त्यासाठीही सॉफ्टवेअर असते. येथे मुंबईच्या राजेश जैन यांची हकिकत वाचण्यासारखी आहे. अमेरिकेतील नोकरी सोडून ते १९९२ साली भारतात परतले. त्यांचे पहिले काही उद्योग फसले. मग १३ मार्च १९९५ रोजी त्यांनी इंटरनेटवर 'इंडियावर्ल्ड' सुरू केले. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला. म्हणजे येथे रस्ता होण्याआधीच त्यांनी दुकान थाटले! त्यांचे वाचक होते परदेशी राहणारे भारतीय. घरची बातमी, क्रिकेट, स्वयंपाकाच्या कृती त्यांना तेथे मिळत. १९९९ साली इंडियावर्ल्ड ४९९ कोटी रुपयांना विकली गेली. जैन यांची दुसरी कंपनी नेटकोर. ती आधी ई-मेलचे सॉफ्टवेअर करत असे. पुढे दुकानदार आणि ग्राहक यांच्यातील संदेशांचे काम ती करू लागली.

हे काम चालते कसे? आपल्या बाजारातील जुना कापडवाला आठवा. कोणाकडे लग्न आहे, कोणाला कोणता रंग आवडतो, कोण ईदच्या आठ दिवस आधी येतो आणि कोण आदल्या रात्री, हे सारे त्याला पाठ असते. शंभर गिऱ्हाइकांपर्यंत हे जमते. दहा लाख गिऱ्हाइके असली तर? मग सॉफ्टवेअर नोंद ठेवते. कोणी काय घेतले, कोणी संदेश उघडला, कोणी वस्तू टोपलीत टाकून तशीच ठेवली. त्यावरून ते गट पाडते आणि प्रत्येक गटाला वेगळा संदेश पाठवते. तुम्हांला चपलेची जाहिरात आली आणि शेजाऱ्याला कुकरची, याचे कारण हेच.

पण कापडवाल्याला आपण स्वतः आपले नाव सांगितलेले असते. अनोळखी कंपनीकडे आपला क्रमांक कोणी दिला? हा प्रश्न तुम्ही विचारलाच पाहिजे. २०२३ साली संसदेने व्यक्तींच्या माहितीच्या रक्षणासाठी कायदा केला. कोणाचीही माहिती घेताना ती कशासाठी हवी, हे सांगून त्याची संमती घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते. घरी एक गंमत करून पाहा. अम्मीच्या मोबाइलवरील कंपन्यांचे संदेश उघडा. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आडव्या रेघेनंतर एक इंग्रजी अक्षर असते. दूरसंचार कंपन्यांसाठी नियम करणाऱ्या ट्राय या संस्थेने २०२५ साली ही अक्षरे ठरवली. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवेची सूचना, टी म्हणजे व्यवहाराचा संदेश आणि जी म्हणजे सरकारी. जाहिराती नको असतील तर १९०९ या क्रमांकावर तसे कळवता येते.

असे सॉफ्टवेअर फक्त मोठ्या शहरात होते, असे समजू नका. श्रीधर वेंबू यांच्या झोहो कंपनीची सुरुवात १९९६ साली झाली. तिने २०११ साली तमिळनाडूतील तेनकासीजवळच्या एका खेड्यात कचेरी उघडली. एकत्र काम करण्याचे आणि जाहिरातीचे, अशी दोन्ही सॉफ्टवेअर ही कंपनी तयार करते. बारावी झालेल्या मुलांना शिकवून कामावर घेण्याची शाळाही तिने चालवली आहे. पिंपळनेरच्या दुकानात अहिराणीत घासाघीस होते, मराठीत पावती फाटते आणि कोठे कोठे वहीत उर्दूत टाचण असते. उर्दू उजवीकडून लिहितात, मराठी डावीकडून. एकाच ओळीत दोन्ही आल्या की पडद्यावर आकडे आणि विरामचिन्हे कधी कधी भलत्याच जागी उड्या मारतात. हा त्रास तुम्हांला जितका नीट कळतो, तितका मोठ्या शहरात इंग्रजीत काम करणाऱ्याला कळणे कठीण आहे.

राहता राहिला तो अर्ज. ते वर्ष त्या मुलीचे गेले. तिने जुन्या वह्यांची कोरी पाने शिवून वह्या केल्या. मी शिक्षकखोलीच्या भिंतीवर एक मोठा तक्ता लावला. काम, नाव, तारीख असे तीन रकाने. त्याला ना वीज लागली, ना वर्गणी. पुढच्या वर्षी ती मुलगी अर्ज घेऊन स्वतः कारकुनांच्या टेबलाशी गेली. तिने पोच मागितली. "ठेव येथे, देतो नंतर," असे ते म्हणाले. पोच हातात पडेपर्यंत ती तेथून हलली नाही.