‘मान्य आहे’ म्हणण्यापूर्वी

रेल्वेचे तिकीट काढायचे असो, मुलांचा क्लास लावायचा असो की कर्ज घ्यायचे असो, मोबाईलवर शेवटी एकच चौकट समोर येते : ‘अटी व शर्ती मान्य आहेत’. तो लांबलचक इंग्रजी मजकूर कोण वाचतो? आपण बोट टेकवतो आणि मोकळे होतो. पुढे तंटा उभा राहिला की कंपनी म्हणते, ‘तुम्हीच मान्य केलेत ना?’ सही नाही, शिक्का नाही. मग हा करार खरा की खोटा?

आम्ही स्पष्टच सांगतो, साधारणपणे हा करार खराच असतो. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार मोकळी संमती, करार करण्याची पात्रता, मोबदला आणि कायदेशीर हेतू असला की करार होतो. सही प्रत्येक वेळी लागतेच असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम १०-अ आले. केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार बाद ठरत नाही, असे ते सांगते. ‘मी वाचलेच नव्हते’ ही सबब सहसा चालत नाही.

पण म्हणून कंपनीची प्रत्येक ओळ काळ्या दगडावरची रेघ नव्हे. अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. लवादाची अट मान्य केली तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. त्याही आधी, १९८६ साली, नोकरीच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने संविधानाच्या कलम १४ चा आधार घेतला. बलवानाने दुर्बळावर लादलेली अन्यायी अट न्यायालय मानणार नाही, असे त्याने बजावले. भरमसाट दंड, कारण न देता एकतर्फी करार मोडण्याचा हक्क अशा अटींना ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ‘अनुचित करार’ म्हणतो. राज्य आयोग अशा अटी रद्द ठरवू शकतो.

तेव्हा माता-भगिनींनी आणि तरुणांनी एवढे करावेच. पैसे परत मिळण्याची अट, दंड आणि करार संपवण्याची रीत, ही तीन कलमे तरी वाचावीत. इंग्रजी अडले तर घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावीत. त्या पानाचा फोटो जपून ठेवावा. कर्ज देणारे ॲप फोनमधील नातेवाइकांचे नंबर मागू लागले तर साफ नाही म्हणावे. रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून त्याला मनाई केली आहे. फसगत झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही.

न वाचता मान्य करणे जसे घातक, तसेच ‘मान्य केले, आता काय करणार’ म्हणून गप्प बसणेही घातक. कायदा दाद मागणाऱ्याच्याच कामी येतो.