पलटणीतून व्यायामशाळेत
पलटणीतून परतलेला मुलगा 'व्यायामशिक्षक होतो' म्हणाला, की वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. ठाण्यात मावळी मंडळ १९२५ पासून मैदान गाजवीत असूनही ही अढी गेलेली नाही! आम्हांस ती मान्य नाही. अट मात्र एक आहे. पलटणीतली कवाईत निवडक, निरोगी तरुणांची. कल्याण-डोंबिवलीच्या व्यायामशाळेत येणार ते लोकलमध्ये उभे राहून कंबर आखडलेले कारकून आणि मधुमेही आजोबा. तेथे हुकूम चालत नाही. सांधे, हृदय, आहार यांचे पद्धतशीर शिक्षण हवे. नियमित शिपायास निवृत्तीपूर्वी पुनर्वसन महासंचालनालयाचे वर्ग मिळतात, शिवाय पेन्शन. २०२२ च्या अग्निपथ योजनेत शेकडा २५ पर्यंतच कायम राहावयाचे. बाकीच्यांस ४ वर्षांनी सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये, पेन्शन नाही. त्यांतून या शिक्षणाचा खर्च आधी काढावा, मग बहिणीच्या लग्नाचा.