टर्बोचा जुना बूस्ट कंट्रोलर विकताय? आधी हे वाचा!

रहिमतपुरातून टर्बो गाडीचा जुना इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर ऑनलाइन विकायला काढलाय? मग घेणाऱ्याला या तीन गोष्टी आधीच सांगा.

काम काय? टर्बोचा वेस्टगेट उशिरा उघडून तो हवेचा दाब वाढवतो. गाडीची ताकद वाढते. पण इंधनाचं प्रमाण जुळलं नाही, तर पिस्टन जळू शकतो.

सेटमध्ये काय? डिस्प्ले, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, प्रेशर सेन्सर, वायरिंग. काही कमी असेल तर स्पष्ट लिहा. चालू स्थितीतला व्हिडिओही दाखवा.

कायदा काय? परवानगी नसलेले बदल केल्यास गाडीमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ही तरतूद आली. म्हणून बसवण्याआधी साताऱ्याच्या आरटीओत विचारायला सांगा.