ऑपरेशन झाले, प्रश्न मिटला नाही!

डाव्या खांद्यामागून फासळ्यांवर गेलेला लांब व्रण. लहानपणी मुंबईला नेऊन ऑपरेशन केले होते, एवढेच त्याबद्दल माहीत असते. कागदपत्रे घर बदलताना कुठेतरी गेलेली. ‘ऑपरेशन झाले, पोरगा बरा झाला,’ असे म्हणून आई-बापाने निःश्वास सोडलेला. तोच पोरगा आज तिशी ओलांडून रावेर-यावलच्या बागांत केळीचे घड वाहतो किंवा धुळ्यात हमाली करतो. डोके दुखते, चालताना पोटऱ्या भरून येतात, बीपी वाढलेले असते. गोळी लिहून दिली जाते. व्रणाबद्दल मात्र कोणी विचारत नाही. अशा माणसांसाठी आजचा हा मजकूर आम्ही लिहीत आहोत.

हृदयातून निघणारी महाधमनी वर जाऊन कमानीसारखी खाली वळते. डाव्या हाताची शाखा फुटल्यावर लगेच ती काही मुलांत जन्मतःच चिमटल्यासारखी अरुंद असते. यालाच ‘कोआर्क्टेशन’ म्हणतात. डोक्याकडे व हातांकडे रक्त जोराने जाते, कमरेखाली ते कमी पोहोचते. वेळीच उपचार झाले नाहीत तर ऐन उमेदीत हृदय थकते, मेंदूत रक्तस्राव होतो किंवा महाधमनीच फाटते.

ऑपरेशननंतरही जोडलेल्या जागी व्रण आक्रसतो, किंवा मूल वाढते पण तो भाग त्या मानाने वाढत नाही. मग मोठेपणी धमनी पुन्हा अरुंद होते. कधी तिथे फुगाही येतो. म्हणजे हा आजार कापून संपणारा नाही. जन्मभर लक्ष ठेवण्याचा आहे, हे समाजाने समजून घेतले पाहिजे.

पुन्हा अरुंद झालेली जागा आज बहुतेकदा मांडीतून तार घालून, फुग्याने रुंदावून व स्टेंट बसवून मोकळी करतात. पण अरुंद भाग लांबलचक असेल, कमानच बारीक असेल, फुगा आला असेल किंवा हृदयाची झडपही बदलायची असेल, तर अनेकदा शस्त्रक्रियाच करावी लागते. जुन्या जागी पुन्हा शिरणे अवघड असते. फुफ्फुस चिकटलेले असते, आजूबाजूच्या वाहिन्या फुगलेल्या असतात, मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटला तर पाय लुळे पडण्याचा धोका असतो. म्हणून अनेकदा गावातला जुना रस्ता न खोदता बाहेरून बायपास काढतात, तसे केले जाते. छाती समोरून उघडून महाधमनीच्या वर जाणाऱ्या भागापासून हृदयामागच्या, खाली उतरणाऱ्या महाधमनीपर्यंत डेक्रॉनची नळी जोडतात. रक्ताला नवी वाट मिळते. त्यानंतरही बीपीच्या गोळ्या आणि तपासण्या सुटत नाहीत.

या शस्त्रक्रियेचा इतिहासही आपण वाचावा असा आहे. ऑक्टोबर १९४४ मध्ये स्टॉकहोमला क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी अशी धमनी प्रथम कापून जोडली. त्याच वर्षी अमेरिकेत आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी अरुंद महाधमनीला बगल देण्याचे कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रयोगशाळेचा हात होता विवियन थॉमस हा कृष्णवर्णीय तंत्रज्ञ. पैशाअभावी त्याचे डॉक्टर होणे राहून गेले आणि सुरुवातीला त्याची नोंद झाडूवाला म्हणून होती! २९ नोव्हेंबर १९४४ रोजी ‘निळ्या बाळा’चे पहिले ऑपरेशन झाले, तेव्हा तो ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभा राहून त्यांना सूचना देत होता. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये. ज्या ज्ञानाला वंचितांचा हात लागला, ते ज्ञान वंचितांच्याच शरीरापर्यंत पोहोचू नये काय?

पैसा नाही म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. २०१३ मध्ये ती जळगावसह उरलेल्या जिल्ह्यांत आली. हृदयाच्या शस्त्रक्रिया तिच्यात आहेत. धुळ्यात भाऊसाहेब हिरे यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावातही २०१८ पासून आहे. तिथून रीतसर चिठ्ठी घेऊन मोठ्या केंद्रात जाता येते. जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे सव्वाचारशे किलोमीटर आहे. रोजंदारी बुडवून तिथे जाणाऱ्याला सोबत माणूस लागतो, राहायची सोय लागते. ती उभी करणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

आणि पहिली तपासणी तर गावातच होते. हातासोबत पायाचेही बीपी मोजायचे, जांघेतली नाडी हाताने पाहायची. निरोगी माणसाच्या पायातला दाब हातापेक्षा कमी नसतो. तो बराच कमी भरला, तर इको आणि सीटी स्कॅन झालेच पाहिजे. बाळंतपणाचा विचार करणाऱ्या भगिनींनी तर ही तपासणी आधीच करून घ्यावी; या आजारात गरोदरपण जोखमीचे असते.

तेव्हा दवाखान्यात गेलात की सदरा काढा, व्रण दाखवा आणि ठामपणे म्हणा, ‘डॉक्टरसाहेब, पायाचेही बीपी बघा.’ ही विनंती नव्हे, आपला हक्क आहे!