मुक्कामाची गाडी



आमच्या सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याहून समुद्र पाचशे किलोमीटरांपेक्षाही लांब. गावातली कितीतरी जुनी माणसे तो न पाहताच गेली. तेव्हा समुद्रकाठी मुक्कामाला न्यायची गाडी कशी निवडावी, ह्यावर साखऱ्याच्या माणसाने बोलावे ह्याचे तुम्हांला नवल वाटेल. पण प्रश्न माझ्या दारात आला तो खराच. माझा एक जुना विद्यार्थी, गावच्या विहिरीत पोहायला शिकलेला, हल्ली गोव्यात नोकरीला आहे. सुटीच्या दिवशी तो एक लांबट फळी घेऊन समुद्रात शिरतो आणि लाट उठली की तिच्यावर उभा राहून किनाऱ्यापर्यंत येतो. ह्या खेळाला सर्फिंग म्हणतात. चांगली लाट पुष्कळदा भल्या पहाटे मिळते, वारा पडलेला असताना. म्हणून रात्री किनाऱ्याजवळच झोपता येईल अशी जुनी व्हॅन घ्यायचे त्याने मनात धरले आहे. शिवाय आईला त्याच गाडीतून कोकण दाखवायचे आहे. चार वर्षांची शिल्लक त्यात जाणार. एका गाडीची छायाचित्रे त्याने मला पाठवली आणि विचारले, "गुरुजी, सौदा करू का?"

गाडी दिसायला छानच होती हो. आत लाकडी फळ्यांचे अस्तर, घडीचा पलंग, ओटा, बारीक दिवे. पण गाडीच्या पोटाखालचे एकही छायाचित्र नव्हते.

चाकांवर संसार मांडणे आपल्याला नवे नाही. घिसाड्यांची गाडी गावाबाहेर उतरलेली आपण पाहिली आहे. ऊसतोडीला जाणारी आपली माणसे बैलगाडीत भांडीकुंडी, शेळी आणि तान्हे मूल घालून सहा-सहा महिने बाहेर राहतात. परदेशात ही हौस निराळ्या वाटेने आली. 1950 साली जर्मनीच्या फोक्सवॅगन कारखान्याने डब्याच्या आकाराची, मागे इंजिन असलेली गाडी काढली. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया नावाच्या कंपनीने तिच्यात पलंग-कपाट बसवायला घेतले. कॅलिफोर्नियातल्या लाटांवर खेळणाऱ्या पोरांना ह्याच गाड्या जुन्या झाल्यावर स्वस्तात मिळू लागल्या. आपल्याकडचा 'टेम्पो' हा शब्दसुद्धा जर्मनच, बरं का. हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने फिरोदियांनी 1958 साली बजाज टेम्पो ही कंपनी काढली. तिचे नाव 2005 साली बदलून फोर्स मोटर्स झाले, पण गावात मालाची लहान गाडी म्हटली की ती टेम्पोच. महाराष्ट्र सरकारनेही 2021 साली अशा फिरत्या घरांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले. असो. आपण निवडीकडे वळू.

पहिली गोष्ट, मीठ. मिठाच्या बरणीला लोखंडी झाकण लावले तर काय होते, ते कोणत्याही गृहिणीला विचारा. लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. पाण्यात मीठ असले की गंजण्याची क्रिया झपाट्याने होते. त्यातून मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून खाऱ्या वाऱ्यातले लोखंड पाऊस नसतानाही ओलसर राहते. किनाऱ्यावर पाच-सात वर्षे उभी राहिलेली गाडी वरून रंगवून नवी करता येते, खालून नाही. म्हणून खरेदीला जाताना खिशात एक चुंबक ठेवावा, फडक्यात गुंडाळलेला, म्हणजे रंगाला ओरखडा पडत नाही. दाराखालची पट्टी, चाकांवरच्या कमानी, पायठ्याची कड, इथे तो फिरवावा. जिथे पत्रा कुजून लांबी भरलेली असेल तिथे चुंबक धरत नाही. मग सतरंजी टाकून गाडीखाली निजावे आणि चासीच्या जाड पट्ट्या पेचकसाने ठोकून पाहाव्यात. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला किंवा पापुद्रे गळाले तर उठून चहा प्यावा आणि घरी यावे. खालून ताजा काळा रंग फासलेला दिसला तर दुप्पट संशय घ्यावा. ह्या बाबतीत आपल्या मराठवाड्याच्या कोरड्या हवेतली जुनी गाडी किनाऱ्यावरच्या गाडीपेक्षा पुष्कळदा बरी निघते. मात्र आपण ती समुद्राकडे नेऊन आणली की गोड्या पाण्याने खालून धुतलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट, वजन. गाडीच्या कागदपत्रांवरून रिकाम्या गाडीचे वजन आणि भरल्या गाडीची मर्यादा कळते. वजाबाकी केली की ती किती ओझे वाहील ते समजते. चौथीच्या मुलांना करता येईल अशी ही वजाबाकी, पण गाडी घेताना ती फारच थोडे करतात. माझ्या विद्यार्थ्याला मी बेरीज करायला लावली. प्लायवूडचा पलंग-कपाट 180 किलो. 60 लिटर पाणी, म्हणजे 60 किलो, कारण लिटरभर पाण्याचे वजन किलोभरच. तीन माणसे 190. फळी, अंथरूण, भांडी 60. दिव्यांची बॅटरी आणि किरकोळ सामान 30. झाले 520 किलो. डीएपीची दहा पोती आणि वर थोडे. आता हे ओझे घेऊन कोल्हापूरहून आंबा घाट उतरायचा आहे. ब्रेक सारखा दाबून धरला की तापतो आणि तापला की धरत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे, न्यूट्रलमध्ये तर कधीच नाही. म्हणून गाडी बघायला गेलो की आतल्या दिव्यांआधी ब्रेक आणि टायर पाहावेत.

लांबीचे पाहू. नवशिक्याची फळी आठ-नऊ फुटांची असते. ती आत आडवी बसत असेल तर उत्तम, टपावर बांधायची तर पट्टे घट्ट हवेत. बंद गाडीत उन्हात ती पडून राहिली तर तिचे थर सुटतात. निजणाऱ्याने मात्र गाडीत प्रत्यक्ष निजून पाहावे, भर बाजारात लाज वाटली तरी.

आता जिवाची गोष्ट सांगतो, ती शाळेत मुलांनाही सांगा. बंद गाडीत शेगडी पेटवून कधी झोपू नये. कोळसा असो वा गॅस, हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो घेतो आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. इंजिन चालू ठेवून, काचा लावून, थंड हवेत झोपण्यातही हाच धोका. स्वयंपाक बाहेर, मागचे दार वर करून करावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खाली, बाहेरच्या बाजूला भोक असावे. झोपताना दोन विरुद्ध बाजूंच्या खिडक्या बोटभर उघड्या आणि त्यांना डासांची जाळी. छपराला हवेची खिडकी असेल तर गाडीची किंमत थोडी जास्त दिली तरी चालेल.

कायद्याचेही थोडे बोलले पाहिजे. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. तेव्हा आत बदल केलेली गाडी घेताना तो बदल नोंदणीत उतरला आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर अपघातानंतर विम्याचा वाद आपल्या गळ्यात येतो. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक इथे ठेवायची तर इथला क्रमांक घ्यावा लागतो. आणि जाता जाता, यात्रेला निघणाऱ्यांनो, तुमच्यासाठीही एक शब्द. मालवाहू टेम्पोत गाद्या टाकून माणसे नेण्याची आपल्याकडे सवय आहे. अशा गाडीत फुकट बसलेल्या माणसांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली आशा राणी ह्यांच्या खटल्यात दिला. टेम्पो उलटला तर भरपाईचा बोजा मालकाच्या जमिनीवर येतो. नर्सीहून नामदेवांच्या पालखीबरोबर जाणाऱ्या दिंड्यांनी सामानाला टेम्पो जरूर न्यावा, माणसांना नव्हे.

चार चाकांना ताकद देणारी महाग गाडी हवी का, असे तो विचारत होता. ती वाळूत उतरायची असेल तर; आणि वाळूत उतरायचेच नाही. अनेक किनाऱ्यांवर वाहनाला बंदी आहे, ती योग्यच आहे. ओल्या वाळूत चाक रुतले आणि भरती आली तर ट्रॅक्टर येईपर्यंत गाडी पाण्यात. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे पाऊण तास उशिरा. मुंबईच्या किनाऱ्यावर ह्याचे सोपे गणित आहे, तिथी ठाऊक असणाऱ्या आपल्या लोकांना ते आवडेल. तिथीला पाऊणने गुणा, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. रत्नागिरी-मालवणकडे ती थोडी आधी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण सर्वांत मोठे, तेव्हा गाडी आणखी लांब, पक्क्या जमिनीवर लावावी. आणि जून ते सप्टेंबर शिकाऊ माणसाने त्या समुद्रात शिरूच नये.

पोराने माझे ऐकले. चुंबक घेऊन गेला, आणि उजव्या पायठ्याजवळ वीतभर पट्टीत तो चिकटेना. ती छान दिव्यांची गाडी त्याने सोडली. हळहळला बिचारा. आता नांदेडकडच्या एका शाळेची जुनी व्हॅन बघायला जाणार आहे. आईला फोनवर विचारले, तुला गाडीत काय पाहिजे? ती म्हणाली, "लेकरा, मला काही नको. चढायला खुर्ची लागू नये एवढं बघ, गुडघे दुखतेत." तेव्हापासून चुंबकाबरोबर त्याच्या खिशात मोजपट्टीही असते.